एकाला नऊ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मटका म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्यानं आयुष्यात कधी आकडा लावला नाही, त्यालाही ओपन, क्लोज आणि जोडी हे शब्द ठाऊक असतात. आणि मटक्याचा विषय निघाला, की जुनी माणसं एक वाक्य हमखास बोलतात. ‘‘काही म्हणा, त्या काळचा मटका खरा होता. आकडा लागला की पैसे मिळायचे. फसवाफसवी नव्हती.’’

आज मला या वाक्याविषयीच बोलायचं आहे. ते खोटं ठरवण्याचा माझा हेतू नाही. उलट, ते शंभर टक्के खरं आहे असंच आपण धरून चालू. मटक्यात काडीचीही लबाडी नाही, प्रत्येक आकडा सर्वांसमोर निघतो, जिंकलेल्याला वेळेवर पैसे मिळतात. तरीही मटका खेळणारा बुडतो. तो का बुडतो आणि बुडताना ते त्याच्या लक्षात का येत नाही, हे ते दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर पाचवीच्या गणितात आहे. दुसऱ्याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. मटका खेळणाऱ्यांच्या आणि न खेळणाऱ्यांच्याही.

आधी थोडा इतिहास. ओपन आणि क्लोज हे शब्द आले ते कापसाच्या बाजारातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाच्या सुरुवातीला कापसाचा भाव काय निघाला आणि दिवसाअखेर काय राहिला, हे तारेनं मुंबईत कळत असे. त्या भावांच्या आकड्यांवर इथं पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. पण पैज लावायची सवय थांबली नाही. मग न्यूयॉर्कच्या भावाऐवजी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या मडक्यात टाकायच्या आणि काढायच्या, अशी युक्ती निघाली. मटका हे नाव त्या मडक्याचं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी मटका’ काढला. पुढं चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. परळ-लालबागच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी या आकड्यांवर किती घरांचे डोळे लागलेले असत, हे त्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको.

खेळ असा. शून्य ते नऊ यांतले तीन आकडे काढायचे. समजा २, ५ आणि ९ निघाले. बेरीज १६. त्यातला शेवटचा आकडा सहा, म्हणून ओपन सहा. नंतर पुन्हा तीन आकडे काढायचे. समजा १, ४ आणि ७ निघाले. बेरीज १२, म्हणून क्लोज दोन. दोन्ही मिळून जोडी झाली बासष्ट.

आता तीन आकड्यांची बेरीज केली म्हणजे काही आकडे जास्त वेळा येत असतील, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. तसं होत नाही. पहिले दोन आकडे कोणतेही असोत, तिसरा आकडा शून्यापासून नऊपर्यंत बदलत गेला, की बेरजेचा शेवटचा आकडाही एकेकदा दहाच्या दहा रूपं घेतो. म्हणजे खेळ खरा असेल, तर प्रत्येक आकड्याची संधी दहात एक. जोडीची शंभरात एक.

आणि भाव काय? रूढ भाव होता आकड्याला एकाला नऊ आणि जोडीला एकाला नव्वद.

झालं. मटक्याचं सगळं गुपित या दोन ओळींत आहे. संधी दहात एक आणि भाव एकाला नऊ.

हे नीट दिसावं म्हणून एका चाळीची कल्पना करा. चाळीतल्या शंभर जणांनी दहा-दहा रुपये लावले. प्रत्येक आकड्यावर दहा जण. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याकडे हजार रुपये जमले. आकडा कोणताही येवो, दहा जण जिंकणार, प्रत्येकाला नव्वद रुपये मिळणार. वाटले गेले नऊशे, उरले शंभर. सात आला तरी शंभर, शून्य आला तरी शंभर. मटका चालवणाऱ्यानं लबाडी कशासाठी करायची? आकडा कोणता येतो याच्याशी त्याला कर्तव्यच नाही. त्याला हवं असतं ते एवढंच, की उद्याही लोकांनी यावं. त्यासाठी खेळ खरा ठेवणं हाच सर्वांत फायद्याचा मार्ग. ज्या खरेपणाचं आपण कौतुक करतो, तो त्या धंद्याचं भांडवल होता.

यावर कुणी म्हणेल, शंभराला दहाच रुपये गेले ना? सिनेमा पाहिला तरी तेवढे जातात. बरोबर आहे, पण एका अटीवर. उरलेले नव्वद रुपये घरी पोचले पाहिजेत. ते पोचत नाहीत. जिंकलेला माणूस ते पुन्हा लावतो. मग नव्वदाचे एक्क्याऐंशी होतात, एक्क्याऐंशीचे त्र्याहत्तर, पुढं सहासष्ट, एकोणसाठ, त्रेपन्न आणि सातव्या फेरीला अठ्ठेचाळीस. दिवसाला दोन निकाल धरले, तर चाळीनं मिळून लावलेला पैसा साडेतीन दिवसांत सरासरीनं निम्म्याखाली येतो. एका घागरीतलं पाणी दुसरीत आणि दुसरीतलं पुन्हा पहिलीत ओतत राहावं आणि प्रत्येक वेळी दहावा हिस्सा सांडावा, तसं हे आहे. घागर फुटलेली नाही. ओतणं थांबत नाही, म्हणून ती रिकामी होते.

आकडे लावण्याची काही खास पद्धत शोधून यातून सुटता येईल, असं पुष्कळांना वाटतं. आज इतके, उद्या तितके, हरलो की वाढवून, जिंकलो की कमी करून. पण प्रत्येक पैजेत सरासरी दहावा हिस्सा जात असेल, तर अशा पैजा कोणत्याही क्रमानं लावल्या तरी त्यांची बेरीज नफ्याची होत नाही.

हे गणित अवघड नाही. मग शहाणीसुरती माणसं इथं का फसतात? इथून आपण मनाकडे वळू.

मटक्याच्या जगात चार्टला फार मान असतो. मागच्या महिन्यांचे आणि वर्षांचे निघालेले आकडे ओळीनं मांडलेला कागद. लोक त्यावर तासन्‌तास डोकं घालतात आणि निष्कर्ष काढतात, ‘‘सात वीस वेळा आलेला नाही, आता यायलाच हवा.’’ संख्याशास्त्राचा शिक्षक या नात्यानं मला या माणसांची चिकाटी पाहून हळहळ वाटते. तेवढ्या चिकाटीत परीक्षा पास होते.

वीस निकालांत सात एकदाही आला नाही, याचं आश्चर्य वाटायला हवं का? कोणत्या ना कोणत्या आकड्याच्या बाबतीत हे होणारच. हिशेब केला तर असं दिसतं, की कोणतेही सलग वीस निकाल घेतले, तर शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर वेळा दहांपैकी निदान एक आकडा पूर्ण गैरहजर असतो. म्हणजे चार्ट उघडला की ‘येणं बाकी असलेला’ आकडा बहुतेक वेळा सापडणारच. तो सापडला म्हणून काही कळलं असं होत नाही. आणि जो माणूस ‘सात बाकी आहे’ म्हणतो, तोच दुसऱ्या दिवशी ‘तीन जोरात चालू आहे’ असंही म्हणतो. एकदा न आलेल्या आकड्यावर विश्वास, एकदा वारंवार आलेल्यावर. दोन्ही वेळा मडक्याला आठवण असते असं गृहीत धरलेलं असतं. चिठ्ठ्या पुन्हा आत टाकून मडकं हलवलं, की आधी काय झालं ते त्याला माहीत नसतं.

वर्गात मी एक प्रयोग करायला लावत असे. निम्म्या मुलांनी खरोखर नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायचा. उरलेल्यांनी नाणं न उडवता मनानं लिहायचं, पण ते खरं वाटलं पाहिजे. मग कागद एकत्र करून माझ्याकडे द्यायचे. खरे कोणते आणि मनाचे कोणते, हे मी बहुतेक वेळा ओळखत असे. त्यात जादू नव्हती. मनानं लिहिणारा मुलगा ओळीनं चार छापे लिहिले की घाबरून काटा लिहितो. खऱ्या नाण्याला ती भीती नसते. शंभर फेकींत कुठंतरी ओळीनं सहा सारखे येण्याची शक्यता ऐंशी टक्के आहे. खरी यादृच्छिकता आपल्या कल्पनेपेक्षा जास्त ओबडधोबड असते आणि त्या ओबडधोबडपणातच आपल्याला खुणा दिसू लागतात.

‘‘पण शेवटी छापा आणि काटा सारखे होतात, असं तुमचंच शास्त्र सांगतं ना?’’ हा प्रश्न हुशार मुलं विचारत, आणि तो योग्य आहे. सारखे होतात ते प्रमाणात. पण कसे, ते पाहा. पहिल्या दहा फेकींत दहाही छापे आले असं समजा. पुढच्या नऊशे नव्वद फेकींत नाणं भरपाई म्हणून काटे जास्त देत नाही. सरासरीनं ४९५ छापे आणि ४९५ काटे येतात. एकूण हजारांत छापे ५०५, काटे ४९५. म्हणजे साडेपन्नास टक्के. ते दहा छापे कुणी फेडून घेतले नाहीत. ते गर्दीत बुडून गेले. निसर्ग उधारी वसूल करत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी चार्टचे कागद रद्दीत जातील.

ही समजूत फक्त आपल्याकडची आहे असं मात्र मानू नका. इटलीत सरकारी लॉटरी आहे. तिच्यात तेव्हा दहा शहरांच्या नावानं आठवड्यातून दोनदा प्रत्येकी पाच आकडे निघत, एक ते नव्वद यांतून. व्हेनिसच्या सोडतीत २००३ च्या मे महिन्यानंतर त्रेपन्न हा आकडा येईनासा झाला. पन्नास सोडती गेल्या, शंभर गेल्या. जितका तो येईना, तितके लोक त्याच्यावर जास्त पैसे लावू लागले. घरखर्चाचे, साठवलेले, कर्जाऊ काढलेले. लोकांनी त्या एका आकड्यावर मिळून साडेतीन अब्ज युरोंहून अधिक लावले, अशा बातम्या होत्या. कर्जात बुडालेल्यांच्या आत्महत्याही छापून आल्या. अखेर ९ फेब्रुवारी २००५ रोजी, १८२ सोडतींच्या गैरहजेरीनंतर, त्रेपन्न निघाला.

त्या प्रत्येक सोडतीत त्रेपन्नची संधी किती होती? नव्वदांत पाच, म्हणजे अठरात एक. पहिल्या दिवशीही तेवढीच आणि शेवटच्या दिवशीही तेवढीच. एखाद्या ठरावीक आकड्यानं इतकं लांबणं दुर्मीळ खरं, पण दहा शहरांतले नव्वद-नव्वद आकडे म्हणजे नऊशे मालिका वर्षानुवर्षं चालू होत्या. त्यांतली एखादी कधीतरी अशी लांबणारच. आणि एका आकड्यावरच्या पैजेला तिथं भाव होता सुमारे अकरा पट. संधी अठरात एक आणि भाव अकरा. आपला मटका त्यापुढं उदार म्हणायचा! हीही लॉटरी खरीच होती, लबाडी नव्हती. सरकारनं चालवली म्हणून गणित बदलत नाही.

चार्टखेरीज आणखी तीन गोष्टी माणसाला धरून ठेवतात.

पहिली म्हणजे ‘माझा आकडा’. स्वप्नात दिसलेला, मुलाच्या जन्मतारखेचा, समोरून गेलेल्या टॅक्सीच्या नंबराचा. मी निवडला म्हणजे तो जास्त चांगला, असं मनाला वाटतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांनी १९७५ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात आपणच निवडून ठेवलं. नंतर विचारलं, हे तिकीट परत किती किमतीला द्याल? आयतं तिकीट मिळालेल्यांनी सरासरी १ डॉलर ९६ सेंट मागितले. स्वतः निवडलेल्यांनी ८ डॉलर ६७ सेंट. तिकिटं सारखीच, संधी सारखीच.

दुसरी म्हणजे थोडक्यात हुकणं. सत्तेचाळीस लावला आणि सेहेचाळीस आला. माणूस तळमळतो, ‘‘एका आकड्यानं गेलं!’’ गोट्या खेळताना नेम थोडक्यात चुकला, तर त्यात शिकण्यासारखं असतं. पुढच्या वेळी हात सुधारतो. मटक्यात सेहेचाळीस आणि शून्य-तीन हे सत्तेचाळीसपासून सारखेच लांब आहेत. पण मनाला ते पटत नाही. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या चित्रणावरून दाखवलं, की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे काही असे भाग जागे होतात, जे जिंकल्यावरही जागे होतात. हुकल्याचं वाईट वाटतं आणि तरी पुन्हा खेळावंसं वाटतं.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. गेलेलं परत मिळवायची धडपड. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की नक्की होणारा तोटा माणसाला इतका बोचतो, की तो टाळायला तो एरवी घेणार नाही असे धोके घेतो. शंभर रुपये हरलेला माणूस घरी गेला, तर तो तोटा पक्का होतो. आणखी शंभर लावले, तर निदान आशा तरी राहते. म्हणून तो घरी जात नाही.

आपल्याला याचं उदाहरण परक्या देशात शोधायला नको. सभापर्वातला युधिष्ठिर रत्नं हरतो, रथ, हत्ती, राज्य हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. शकुनी कपटानं खेळला म्हणून धर्मराज हरला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण शकुनीच्या कपटानं एवढंच कळतं, की प्रत्येक डाव तो का हरला. पुढचा डाव त्यानं का मांडला, हे त्यातून कळत नाही. ते कारण युधिष्ठिराच्या मनात होतं.

यात भर पडते ती आपल्या समाजाच्या सवयीची. आकडा लागला की पेढे वाटले जातात, चाळभर बोभाटा होतो. हरलेला माणूस गप्प बसतो. त्यामुळे आपल्या कानावर जिंकणंच जास्त येतं आणि जिंकणं आहे त्याहून सोपं वाटतं.

आज मडकं नाही, पत्तेही फारसे नाहीत. खेळ मोबाइलमध्ये आला. निकालासाठी पूर्वी अर्धा दिवस थांबावं लागे. आता मिनिटाला एक फेरी होऊ शकते. घागरीची गोष्ट आठवा. ओतण्याचा वेग वाढला, की सांडणंही त्याच वेगानं वाढतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. मुंबई इलाख्यात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून होता आणि त्याच्या नाकासमोर मटका वाढला, हे आपण पाहिलं आहे. कायदा हवाच. पण नुसत्या कायद्यावर विसंबून चालणार नाही.

मग करायचं काय? घरात कुणाला हा नाद असेल, तर ‘देवाचं भय बाळग’ किंवा ‘पोलीस धरतील’ असं सांगून फारसा उपयोग होत नाही. भांडण होतं आणि खेळ लपून सुरू राहतो. त्यापेक्षा एक छोटी वही द्या. रोज किती लावले आणि किती आले, एवढंच लिहायचं. जिंकलेले लक्षात राहतात, हरलेले विसरतात. वही विसरत नाही. घरच्यांनी कर्ज परस्पर फेडून टाकू नये, कारण फिटलेलं कर्ज म्हणजे पुन्हा खेळायला मोकळीक. आणि वही लिहूनही हात थांबत नसेल, तर तो आजार आहे हे मान्य करावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

शेवटी महाभारतातल्याच दुसऱ्या एका जुगाऱ्याविषयी. वनपर्वात नळराजाची कथा येते. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक या नावानं ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. एकदा प्रवासात ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या दोन फांद्यांवरची फळं सांगतो, दोन हजार पंचाण्णव. नळ रथ थांबवून फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकवतो. आणि ते समजताच, कथा सांगते, इतके दिवस नळाच्या शरीरात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो.

नळानं ती विद्या वापरून एकच डाव मांडला, राज्य परत घेतलं आणि तो थांबला. त्याच्या फाशांत जाणकाराला वाव होता. मटक्याच्या मडक्यात तो नाही. तिथं मर्म कळलं, की करण्यासारखी एकच गोष्ट उरते. चिठ्ठी लिहायची नाही आणि खिशातले दहा रुपये घेऊन घरी जायचं.